पाऊणकिलोंचं खरं वजन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान आहे. मालकांना सगळे 'पाऊणकिलो' म्हणतात. आईबापांनी त्यांचं दुसरं काहीतरी नाव ठेवलं होतं, पण त्यांच्या वजनकाट्याने ते केव्हाच खाऊन टाकलं. खाली लोखंडी फळी, मागे खांब, खांबावर गोल तबकडी. गिऱ्हाइकाने फळीवर पोतं ठेवलं की पाऊणकिलो "नीट बसू द्या हो त्याला" म्हणत ते प्रेमाने सरळ करायचे आणि सरळ करता करता पोत्याच्या पोटाखाली गुडघा सारायचे. काटा लगेच नम्र व्हायचा. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. तरी रद्दी घेऊन कोणी दुसरीकडे जात नसे, कारण गप्पा मात्र ते भरभक्कम मापाच्या मारायचे.

दुकानात मागच्या बाजूला, वर्तमानपत्रांच्या एका गठ्ठ्यावर त्यांची बायको बसायची. आम्हा सगळ्यांची वहिनी. गठ्ठे बांधणं हे तिचं काम. सुतळीला गाठ मारायची आणि उरलेलं टोक दाताने तोडायचं. कात्री मांडीवर असली तरी दातानेच. नवऱ्याचा गुडघा पुढे सरकला की मान वर न करता म्हणायची, "अहो, गुडघा!"

मग वहिनीचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेत मावेनात.

"पाय भरून येतात हो."

"येऊ देत की. वजन वाढलं तर भाव चांगला येईल."

ती हसायची. हा विनोद त्या घरात बरेच दिवस टिकला. दवाखान्यात दाखल झाल्यावर तिने तो सिस्टरलाही ऐकवला म्हणे. "चार दिवसांत येतेच," असं सांगून गेलेली वहिनी घरी आली, ती चार जणांनी आणली म्हणून.

तेव्हापासून त्या गठ्ठ्यावर पाऊणकिलो कोणाला टेकू देत नाहीत. गठ्ठे स्वतःच बांधतात, सुतळी कात्रीने कापतात. आणि दुपारी दुकान रिकामं असलं की मागून दाताने सुतळी तोडल्याचा आवाज येतो. ऊन वाढलंय म्हणावं, तितक्या सहज त्यांनी हे मला सांगितलं.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर कुरतडतो. आधी गाठ मारत नाही."

मी चहा संपवला आणि निघालो. निघताना त्या गठ्ठ्याकडे बघायचं मात्र टाळलं.

पुढे त्यांचेच पाय सुजले. मुलगी सासरहून आली. तिची जीभ बापाच्याच कारखान्यातली. "बाबा, हे पाय आहेत की उशा? उठा!" तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत राहावा तसा.

"हृदय थकलंय, काका. म्हणून अंगात पाणी साठतंय. दाखल व्हावं लागेल."

"आत नाही येणार. आमच्या घरातलं माणूस आत गेलं की परत चालत येत नाही. त्यापेक्षा इथेच, या खुर्चीवर मरतो."

"बाबा!" मुलगी ओरडली.

डॉक्टरबाई शांत होत्या. "खुर्चीच हवी ना? देते. पण मरायला नाही."

दवाखान्यात हल्लीच एक नवी खोली झाली होती. तिथे खाटा नाहीत, पाय वर करून बसायच्या खुर्च्या आहेत. सकाळी यायचं, शिरेतून औषध घ्यायचं, अंगातलं पाणी लघवीवाटे जाऊ द्यायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी. पाऊणकिलो रोज जायला लागले. पायांची सूज उतरली, घोटे पुन्हा दिसायला लागले. मग बाईंनी गोळ्यांवर सोडलं, पण एका अटीवर. रोज सकाळी वजन करून फोनवर कळवायचं. वजन वाढलं तर पाणी परत साठतंय असं समजायचं आणि तडक यायचं. आणि दुर्लक्ष केलं तर मात्र खाट, मग रडारड चालणार नाही.

आता वजन करायला या माणसाला शेजारी कशाला जायला हवं होतं? घरचाच काटा! सकाळी फळीवर उभे राहायचे, आकडा वाचायचे, फोन करायचे. "कालच्याइतकंच." दुसऱ्या दिवशी, "कालच्याइतकंच." पलीकडून सिस्टर शाबासकी द्यायची. इकडे चपलेचा पट्टा मात्र एकेक भोक मागे सरकत होता. जिना चढताना दम लागायला लागला. मुलीने विचारलं तर म्हणाले, "वजन बघ ना! काटा खोटं बोलतो का?"

ज्या माणसाने हे विचारलं, त्याला याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

एका सकाळी ते फळीवर उभे होते. दुकान अजून उघडायचं होतं, आत अंधारच होता. मागे सुतळी तुटली. टच्च. आणि मग अगदी रोजच्या, कंटाळलेल्या आवाजात:

"अहो, हात!"

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा हात बाजूच्या गठ्ठ्यांच्या चळतीवर टेकला होता. नुसता टेकला नव्हता, अर्धं अंग तोलून धरत होता. तो तिथे केव्हा गेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गुडघ्याला जे शिकवलं, ते हात आपणहून शिकला होता. त्यांनी हात उचलला. काटा पुढे गेला. थांबला असं वाटलं, आणि आणखी पुढे गेला.

मागे वळून बघायचं धाडस झालं नाही म्हणाले. "बघितलं आणि कोणीच नसलं तर?"

त्यांनी फोन केला. खरा आकडा सांगितला आणि आजवरचे सगळे खोटे होते हेही सांगितलं. सिस्टर म्हणाली, "लगेच या. कपडे घेऊन या."

कपडे म्हणजे काय, ते त्यांना कळलं. मुलीने पिशवी भरली.

डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "आणखी दोन दिवस लपवलं असतंत, तर मी विचारलंसुद्धा नसतं, सरळ खाटेवर. आज खुर्चीवर बसा. संध्याकाळी बघू."

दिवसभर ते बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. "इथे पाय वर करून बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं," ते मुलीला म्हणाले, "एवढंच हवं होतं गं तिला. तेव्हा ही खोली नव्हती." मुलीने त्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

संध्याकाळी बाईंनी पुन्हा अंगठा दाबला, पुन्हा वजन केलं. हात लोंबते सोडायला लावून. मग म्हणाल्या, "जा घरी. उद्या सकाळी इथेच."

मुलगी पिशवी घेऊन पायऱ्या उतरलीसुद्धा. मागे बघते तर बाबा दारातच. दार एका हाताने उघडं धरून उभे.

"बाबा, चला ना! कोणासाठी थांबलात?"

"दार जड आहे," ते म्हणाले.

सुजलेल्या पायांनी हळूहळू चालत येणाऱ्या माणसाला बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांनी दार धरलं. मग सोडलं.