कॅज्युअल्टीला चहा मिळत नाही

देवस्थळीकाकांना मरून अकरा मिनिटं झाली होती. ते सोफ्यावर पाय पसरून आडवे होते. गळ्यात नाडीनं बांधलेला पुठ्ठा होता, त्यावर लाल स्केचपेननं ‘कॅज्युअल्टी’ लिहिलं होतं, आणि घामाघूम होऊन ते मला देवघराकडे खुणा करत होते. मी हातात स्टॉपवॉच धरून खिडकीबाहेर बघत होते. निरीक्षकानं मयताशी नजरानजर करायची नाही, हा नियम त्यांनीच आदल्या दिवशी मला लिहून दिला होता.

मी गुंतवणूक सल्लागार आहे. बडोद्यात दांडिया बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण निवृत्त झालेले किंवा व्हायला आलेले असतात. आमच्या धंद्याचं सार दोन वाक्यांत सांगता येतं. नोकरीत असताना पैसे साठवायचे असतात, ते पुष्कळांना जमतं. निवृत्तीनंतर तेच पैसे बेतानं काढून जगायचं असतं, तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

देवस्थळीकाका रिफायनरीत फायर अँड सेफ्टीला होते. एकतीस वर्षं. तिथे मॉक ड्रिल नावाचा एक प्रकार असतो. आग लागलेली नसताना ती लागली असं समजून सायरन वाजवायचा, पळापळ करायची, दोघातिघांना जखमी म्हणून आडवं करायचं आणि नंतर कोण कुठे चुकलं त्याचा रिपोर्ट लिहायचा. या जखमींना कॅज्युअल्टी म्हणतात. काकांनी अशी किती ड्रिल्स घेतली असतील याचा हिशेब त्यांच्याकडे आहे, पण मी तो कधी विचारला नाही, कारण विचारलं की ते सांगतात.

त्यांच्या कॅनडातल्या मुलानं आग्रह केला म्हणून ते माझ्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी टेबलावर आपला पोर्टफोलिओ ठेवला. पोर्टफोलिओ म्हणजे तुमचे पैसे कुठे कुठे आणि किती आहेत त्याचं एकत्र चित्र. काकांचं चित्र एकाच रंगाचं होतं. वय अडुसष्ट, पेन्शन नावापुरती, आणि जवळपास सगळे पैसे शेअर्समध्ये आणि शेअर्सच्या फंडांत. शेअर्स निवडायची त्यांची पद्धतही मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. ते स्कूटरवरून गावाबाहेरच्या सावली औद्योगिक वसाहतीपर्यंत जायचे आणि कारखान्यांच्या गेटवरचे आग विझवायचे लाल सिलिंडर बघायचे. सिलिंडरवरची तारीख उलटलेली असेल तर त्या कंपनीच्या वाटेला जायचं नाही.

“जे गेटवरचा सिलिंडर भरत नाहीत, ते बॅलन्स शीट काय भरणार?” ते म्हणाले.

चीड आणणारी गोष्ट अशी की या पद्धतीनं त्यांना बरे पैसे मिळाले होते.

“काका, बाजार पडला आणि त्याच महिन्यात पैशांची गरज लागली तर?” मी विचारलं. “दोन-अडीच वर्षांचा घरखर्च तरी सुरक्षित जागी हवा. म्हणजे पडलेल्या भावात शेअर्स विकावे लागत नाहीत.”

“वृंदाबेन, बाजार पडतो आणि वर येतो. मी बसलोय ना लक्ष ठेवायला.”

“आणि काकू? त्यांना घेऊन या. माझ्याकडे नवरा-बायको दोघं आल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही.”

“तिला यातलं काही कळत नाही. तिला त्रास कशाला?”

हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते, आणि दर वेळी माझं डोकं तितकंच तापतं. काका तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा एकटे आले. शेवटी मी सरळ विचारलं, “तुम्ही नसलात तर काकू काय करतील?”

काकांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही मला इमर्जन्सी प्लॅन विचारता? मला?”

“आहे का?”

“चौदा फाइली आहेत. इंडेक्स आहे. कॉन्टॅक्ट लिस्ट आहे. सुलभा पंधरा मिनिटांत सगळं शोधून काढेल. रविवारी घरी या, ड्रिल घेऊ!”

अटी तिथेच ठरल्या. काकूंना तीन गोष्टी शोधायच्या होत्या: पैसे कुठे आहेत, पुढच्या महिन्याचा घरखर्च कुठून काढायचा आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा. पंधरा मिनिटांत जमलं तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही जमलं तर पोर्टफोलिओ माझ्या म्हणण्याप्रमाणे बदलायचा आणि दर बैठकीला काकू असणार.

रविवारी सकाळी साडेदहाला मी बडोद्यातल्याच हरणी भागात त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर पोचले. काकूंनी मला पाणी दिलं. त्या बारीक चणीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पस्तीस वर्षं पाचवीच्या वर्गाला तोंड दिल्यामुळे त्यांचा आवाज कधी चढत नाही. काकांनी गळ्यात पुठ्ठा अडकवला, खिशातून शिट्टी काढली, गाल फुगवून वाजवली आणि सोफ्यावर आडवे झाले.

पहिल्या मिनिटाला वॉचमन धापा टाकत वर आला. “काकी, शुं थयुं?”

“कंई नथी, भाई,” काकू म्हणाल्या. “काका गुजरी गया छे. अडधा कलाकमां ऊठशे.”

गेलेले काका अर्ध्या तासात उठणार हे ऐकून तो बिचारा एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे बघत उलट्या पावली जिना उतरला.

काकू शांतपणे कपाटाशी गेल्या. कपाटाला कुलूप होतं. किल्ली नेहमीच्या खणात नव्हती. सुरक्षिततेचा विचार करून काकांनी ती गुरुवारी दुसरीकडे हलवली होती आणि हे सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून त्या खुणा चालल्या होत्या.

“वृंदा, मेलेल्या माणसानं हात हलवलेला चालतो का गं?”

“नाही, काकू.”

“ऐकलंत? पडून राहा.”

किल्ली त्यांना देवघराखालच्या खणात वातींच्या डब्यात सापडली. तो डबा त्या रोजच उघडतात. कपाटात चौदा फाइली ओळीत उभ्या होत्या आणि त्यांच्यावर टी-१०१ ते टी-११४ असे नंबर होते.

“हे टी काय आहे?” काकूंनी मला विचारलं. निरीक्षक असल्यामुळे मी गप्प राहिले. सोफ्यावरून मात्र पुटपुटणं ऐकू आलं, “टँक. टँक...” रिफायनरीत तेलाच्या टाक्यांना असे नंबर असतात म्हणे. कुठल्या टाकीत काय आहे ते इंडेक्समध्ये होतं, इंडेक्स लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉपला पासवर्ड होता. काकूंनी मुलाचं नाव घालून बघितलं. मुलाची जन्मतारीख घालून बघितली. मग थोडा विचार करून स्वतःचं नाव घातलं. तेही चाललं नाही. तेव्हा त्यांनी सोफ्याकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

“पंधरा मिनिटं झाली,” मी म्हटलं.

काका ताडकन उठून बसले. “पासवर्ड सोपा आहे गं! आपल्या पहिल्या फायर टेंडरचा, आगीच्या बंबाचा नंबर...”

“झोपा,” काकू म्हणाल्या. “मी खरंच एकटी पडले, तर पंधरा मिनिटांनी तुम्ही उठून बसणार आहात का?”

काका झोपले.

मग काकूंनी चहा टाकला. रविवार होता, त्यामुळे फाफडा आणलेला होता, सोबत तळलेल्या मिरच्याही होत्या. मला बशी आली, त्यांनी स्वतःला घेतली आणि आम्ही दोघी फाइली मांडून जमिनीवर बसलो. फाफड्याचा वास सोफ्यापर्यंत गेला असावा.

“सुलभा, अर्धा कप...”

“कॅज्युअल्टीला चहा मिळत नाही,” काकू वर न बघता म्हणाल्या. “तुमच्याच रिफायनरीचा नियम असेल.”

पासवर्ड नाही तर नाही, काकूंनी एकेक फाइल उघडून पाचवीच्या वह्या तपासाव्यात तशी तपासायला घेतली. बाजूला एक कोरा कागद ठेवून रकाने आखले. नाव, रक्कम, नॉमिनी. नॉमिनी म्हणजे आपल्यानंतर पैसे कुणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव. पाचव्या फाइलीला त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सहावी उघडली, सातवी उघडली.

“वृंदा, हे बघ गं.”

चौदापैकी अकरा फाइलींत नॉमिनी होत्या श्रीमती इंदिराबाई देवस्थळी. काकांच्या आई. समोरच्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. लग्नाआधी काकांनी पहिली गुंतवणूक केली तेव्हा आईचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे प्रत्येक नवा फॉर्म जुना समोर ठेवून भरला होता. आई गेल्यानंतर भरलेल्या दोन फॉर्मवरसुद्धा आईच होत्या.

काकूंनी फोटोकडे बघितलं. “म्हणजे पैसे मागायला मला तिकडेच जावं लागणार.”

मला हसू आवरेना. काका मात्र छताकडे बघत होते. नॉमिनीच हयात नसेल तर वारसांना कागदपत्रं जमवत, कोर्टाच्या दाखल्यासाठी खेटे घालत महिनेच्या महिने काढावे लागतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

शेवटची फाइल, टी-११४. तिच्यात एकच कागद होता. वर ठळक अक्षरांत ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट लिस्ट’. काकांनी तो रिफायनरीतल्या जुन्या फॉरमॅटवरून केला होता. पहिल्या ओळीत सेफ्टी इन्चार्ज, पुढे मोबाइल नंबर.

“हे एक तरी नीट केलंय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी कागदावरून एकेक आकडा वाचत नंबर फिरवला.

सोफ्यावर सायरन वाजायला लागला.

तो काकांच्या शर्टाच्या खिशात वाजत होता. एकतीस वर्षं त्या ओळीत त्यांचाच नंबर असायचा, सवयीनं इथेही तोच पडला होता. काका डोळे विस्फारून स्वतःच्या खिशाकडे बघत राहिले. उचलावा की नाही, ते त्यांना कळेना. मेलेल्या माणसानं फोन घ्यावा का, याबद्दल नियमांत काही नव्हतं.

“उचला आता,” काकू म्हणाल्या. “विचारते मी, पैसे कुठे आहेत ते.”

मी पोट धरून हसत होते. काकू हसत नव्हत्या. त्यांनी फोन बंद करून खाली ठेवला.

“मागच्या वर्षी तुम्ही आयसीयूत होतात ना, तेव्हा काउंटरवर डिपॉझिट मागितलं. माझ्या पर्समध्ये भाजीचे पैसे. तुमच्या कार्डाचा पिन मला ठाऊक नाही. कॅनडात मुलाला झोपेतून उठवलं. त्याचे पैसे येईपर्यंत काउंटरवरच्या मुलीपुढे हात जोडून उभी होते. या चौदा फाइली घरातच होत्या.”

काका उठून बसले. या वेळी त्यांना कुणी झोपा म्हटलं नाही.

“तू हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“म्हटलं, तुम्हाला त्रास कशाला.”

हे वाक्य काका माझ्या ऑफिसात म्हणाले होते ते काकूंना ठाऊक नव्हतं. काकांना आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे बघेनात. मला त्यांचा इतके दिवस राग आला होता आणि त्या क्षणी पोटातून दयाही आली. चिडून बसतील, ड्रिलचे नियम चुकले म्हणतील, असं वाटलं. पण त्यांनी गळ्यातला पुठ्ठा काढला, टेबलाशी गेले, चष्मा लावला आणि रिपोर्ट लिहायला बसले. एकतीस वर्षांत एकाही ड्रिलचा खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता, तो आता तरी कसा लिहितील? मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं: ‘रिस्पॉन्स टीम समाधानकारक. कॅज्युअल्टीनं शिस्त पाळली नाही. प्लॅन नापास.’ खाली सही.

त्यानंतरचं काम रटाळ होतं, पण आमचा धंदा तोच आहे. अकराही ठिकाणी नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लावलं. जुन्या फंडांत दुसरं नाव जोडता येत नाही, म्हणून नवीन जे घेतलं ते दोघांच्या नावावर घेतलं. शेअर्स थोडे मार्चअखेर, थोडे एप्रिलमध्ये विकले, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स दोन वर्षांत विभागला गेला. दोन-अडीच वर्षांचा खर्च बँकेच्या एफडीत आणि साध्या फंडात ठेवला. त्या फंडातून दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम दोघांच्या जॉइंट खात्यात आपोआप येते. याला एसडब्ल्यूपी म्हणतात. काकू त्याला माझा पगार म्हणतात. उरलेले शेअर्स काकांकडे ठेवले. सावलीच्या फेऱ्या चालू आहेत.

चौदा फाइलींच्या जागी आता काकूंच्या अक्षरातला एक कागद आहे. तो मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

तीन महिन्यांनी काकांनी दुसरं ड्रिल घेतलं. मी पुन्हा निरीक्षक. काकांनी शिट्टी वाजवली, आडवे झाले, या वेळी खुणा केल्या नाहीत. काकूंनी चार मिनिटांत तिन्ही गोष्टी सांगितल्या आणि लिस्टवरचा पहिला नंबर फिरवला. माझा फोन वाजला. काका खूश होऊन उठले आणि पेन शोधायला लागले. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या गळ्यातला पुठ्ठा काढून स्वतःच्या गळ्यात घातला, शिट्टी वाजवली आणि सोफ्यावर आडव्या झाल्या.

“आता मी गेले,” त्या म्हणाल्या. “वृंदाला चहा द्या.”

काका स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे आवाज आले. सातव्या मिनिटाला माझा फोन पुन्हा वाजला.

“वृंदाबेन,” काका आतून दबक्या आवाजात म्हणाले, “साखर कुठे असते, ते जरा हिला विचारता का?”

काकूंनी डोळे मिटून घेतले आणि तोंडावर पदर ओढला.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात एक नवा नियम आहे. कुणी कितीही मोठी फाइल घेऊन आलं, तरी मी आधी विचारते की तुमच्यानंतर घरच्यांनी फोन कुणाला करायचा. ते ऐटीत नंबर लिहून देतात. तो मी तिथेच, त्यांच्यासमोर फिरवते. बहुतेक वेळा तो समोरच्याच्या खिशातच वाजतो.