उतरणारी बॅटरी

एलईडी एका दुकानातून, भिंग दुसरीकडून, ॲल्युमिनियमची नळी भंगारातून, असं जमवत मी एक जबरदस्त बॅटरी बनवली. तिन्हीसांजेला गॅलरीतून झोत सोडला, तो थेट टेकडीवरच्या देवळावर पोचला.

"आई, कळस बघ!"

"तो राहू दे. खाली मार."

गुडघे गेल्यापासून आई या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी झोत फाटकाजवळच्या बाकावर नेला. तिच्या मैत्रिणी तिथंच बसतात.

"बाक रंगवला वाटतं? कधी?"

कठड्याला धरून ती बघत राहिली. उजेडाला जिना लागत नाही.

"बंद कर आता," ती म्हणाली. "उगाच बॅटरी उतरेल."

उतरू दे, आई. तिला तरी उतरू दे.