पहिल्या पानावरचा खुलासा

त्या माणसाला धडा शिकवायचा, हे मी आठवीत असताना ठरवलं. तोपर्यंत कुणाचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मग एकदा वाटलं आणि दहा-बारा वर्षं तेच वाटत राहिलं.

माझे बाबा अंबरनाथ पश्चिमेतून एक साप्ताहिक काढायचे. चार पानांचं. संपादक, वार्ताहर, अंक वाटणारा, सगळं तेच. मजकूर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून लागायचा उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी मालकाच्या छापखान्यात. अंकात असायचं काय, तर नळाला पाणी किती वाजता येणार, कुठल्या शाळेचा निकाल किती टक्के, नगरपालिकेच्या सभेत कोण कुणावर ओरडलं. पण भाजीबाजारात एखादा वाद रंगला आणि कुणी म्हणालं, "पेपरात आलंय," तर वाद तिथेच संपायचा. पेपर म्हणजे बाबांचा. मोठ्या वर्तमानपत्रांना लोक नावानं ओळखायचे.

एका पावसाळ्यात चिखलोलीकडचा एक शेतकरी आमच्या दारात आला. हातात औषधाची बाटली, आत लालसर पाणी. त्याचं शेत कारखान्यांच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर होतं.

"भाऊ, ह्ये बगा," तो म्हणाला. "रोपं पार करपली. म्हशी तोंड लावत नाय ह्या पान्याला."

बाबा त्याच्याबरोबर चालत गेले. नाला बघितला, करपलेली रोपं बघितली, वरच्या बाजूला रंगाच्या कारखान्याचा पाइप कुठे उघडतो तेही बघितलं. त्या आठवड्याचं पहिलं पान त्यांनी त्या नाल्यालाच दिलं.

पाचव्या दिवशी कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी घरी आले. सफारी सूट, काखेत कडक पुठ्ठ्याची फाइल. बाबांना ते "संपादक साहेब" म्हणाले. आमच्या घरात येऊन असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी चहा नेऊन दिला तेव्हा त्यांनी मला इयत्ता विचारली आणि बाबांच्या मागच्या तीन अग्रलेखांतली वाक्यं म्हणून दाखवली. खरंच वाचून आले होते.

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स पुढे केली. पाणी शुद्ध. सगळे आकडे मर्यादेत.

"शासनमान्य प्रयोगशाळा आहे, संपादक साहेब. लाल रंग वरच्या मातीचा असतो पावसात. कारखान्यावर तुम्ही हवी तेवढी टीका करा. पण तुमच्यासारख्या माणसाच्या हातून चूक राहून गेली, तर लोकांनी विश्वास ठेवायचा कुणावर?"

हे शेवटचं वाक्य बाबांना लागलं. अहवाल त्यांनी दोनदा वाचला. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली, ठळक टाइपात. मागील अंकातील वृत्त पुरेशा पडताळणीविना दिले गेले, पाणी निर्दोष असल्याचे आढळले आहे, संपादक दिलगीर आहे. खाली बाबांचं नाव.

शेतकरी परत आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. तो अंक त्यानं पायरीवर ठेवला.

"तुमी सोताच्या डोल्यानं बगितलं व्हतं ना, भाऊ?" एवढंच म्हणाला.

बाबा बसल्या जागेवरून उठलेच नाहीत. शेतकरी पायऱ्या उतरून गेला. त्याच पावसात नाल्यातले मासे उलटे होऊन वर आले. ते बघायला अर्धं अंबरनाथ गेलं होतं, त्यामुळे आता कुठल्याही पेपराची गरज उरली नव्हती. बाबांना विकत घेतलं, असं लोक बोलू लागले. कुणी तोंडावर बोलत नसे. अंक घेणं मात्र एकेकानं बंद केलं. वर्षभरात साप्ताहिक बंद पडलं आणि ज्या छापखान्यात ते छापलं जायचं, तिथेच बाबा मुद्रितं तपासायला बसू लागले. लग्नपत्रिका, हँडबिलं, साबणाची वेष्टनं. मालक भला होता, साईं म्हणून आदरानं हाक मारायचा. पण मशीनवरची माणसं त्यांना आता "प्रूफवाले काका" म्हणायची. शाळेतून आल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ते माझ्या कानावर पडायचं.

बी.ए. झाल्यावर टायपिंगच्या परीक्षा दिल्या. एक दिवस जाहिरात दिसली. मराठी टंकलेखन आणि भाषांतर, जनसंपर्क विभाग, तोच कारखाना. मी मुद्दाम अर्ज केला. आत जाऊन काय करणार ते मलाही माहीत नव्हतं. त्या माणसाच्या जवळ जायचं, एवढंच डोक्यात होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शुद्धलेखन सांभाळ."

तो सफारीवाला अधिकारी आता माझा साहेब होता. त्यानं मला ओळखलं नाही. अर्जावर बाबांच्या नावाचं एकच अक्षर लिहिलं होतं, आमचं आडनाव त्या भागात घरटी एक सापडतं, आणि चहा आणणारी मुलगी कोण लक्षात ठेवतो?

तो राक्षस असता तर बरं झालं असतं. शिपायाच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी तो कॉलेजात खेटे घालायचा. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. उलट धंदा शिकवला.

"खोटं कधी लिहायचं नाही," पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला. "काय लिहायचं नाही, ते ठरवायचं. बातमी त्यातच असते."

मी शिकले. चांगली शिकले. माझी प्रसिद्धिपत्रकं वर्तमानपत्रं काना-मात्रा न बदलता छापू लागली, आणि ते बघून मला आनंद व्हायचा. त्या आनंदाचा मला त्याच्याइतकाच राग यायचा.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. सगळ्या कंपन्यांना अचानक पर्यावरणाचा पुळका आला होता. आमच्या साहेबानं ठरवलं की जागतिक पर्यावरण दिनाला पत्रकार परिषद घ्यायची, झाडं लावायची आणि एक गुळगुळीत पुस्तिका वाटायची. इंग्रजी मजकूर मुंबईच्या एजन्सीकडून आला होता, मराठी माझ्याकडे. त्यातला सस्टेनेबल हा शब्द अडला.

"टिकाऊ विकास?" मी विचारलं.

"टिकाऊ म्हणजे चपलेसारखं वाटतं हो. काहीतरी उंच द्या."

"शाश्वत."

"बास! शाश्वत."

मग त्यानं एक जुनं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. "हे सहाव्या पानावर घ्या. 'वृत्तपत्रांचा विश्वास' या मथळ्याखाली. स्थानिक पेपरवाल्यानं स्वतः कबूल केलंय. असं प्रमाणपत्र पैसे देऊन मिळत नाही."

ती बाबांची चौकट होती. दिलगीर आहे, इथपर्यंत मी टाइप केलं. खाली बाबांचं नाव टाइप करताना तीनदा चुकले, तीनदा खोडावं लागलं. साहेब समोरच बसून फोनवर हसत होता. पेपरवेट उचलून त्याच्या कपाळावर मारावा, असं मला खरोखर वाटलं.

त्याऐवजी मी जुन्या फायली काढल्या. पुस्तिकेसाठी मूळ अहवाल हवा, असं रेकॉर्डवाल्याला सांगितलं, आणि ते खरंही होतं. तिसऱ्या दिवशी अहवाल सापडला. बाबांना दिलेल्या झेरॉक्सवर आकड्यांच्या वर दोन बोटं कोरी जागा होती. ती मला पाठ होती, कारण घरी तो कागद मी शंभरदा पाहिला होता. मूळ कागदावर त्या जागी एक ओळ टाइप केलेली होती. नमुना पक्षकाराने आणून दिलेला. ठिकाण, कारखान्याची पिण्याच्या पाण्याची टाकी.

म्हणजे बारवी धरणाचं, गाळून आलेलं नळाचं पाणी. ते शुद्ध असणारच. प्रयोगशाळेनं खरंच लिहिलं होतं. त्यानं झेरॉक्स काढताना त्या ओळीवर फक्त एक पांढरी पट्टी ठेवली होती.

त्या मूळ कागदाची झेरॉक्स घेऊन मी छापखान्यात गेले. बाबांनी चष्मा पुसून ती एकच ओळ वाचली. पुन्हा पुन्हा वाचली.

"मी हे प्रत्येक पत्रकाराच्या पाकिटात घालणार," मी म्हणाले.

"नाही. आधी त्याला विचार."

"त्यानं विचारलं होतं का तुम्हाला काही? फसवून गेला तो, बाबा!"

"विचारायचं माझं काम होतं. नमुना कुठला, एवढं मी विचारलं नाही. त्याचं बोलणं ऐकून घेतल्याशिवाय छापायचं नाही, अगं. त्याचंसुद्धा."

मी चिडून निघून आले. पण निमंत्रणांची यादी माझ्याकडे होती. दोन निमंत्रणं मी जास्तीची टाइप केली. एक बाबांच्या नावाचं, पुढे "माजी संपादक". दुसरं घेऊन मी स्वतः चिखलोलीला गेले. मी कुणाची मुलगी ते कळल्यावर शेतकऱ्यानं निमंत्रण हातात धरलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "भाऊ येनार असतील तर येतो."

पर्यावरण दिनाच्या सकाळी मी साहेबाच्या टेबलावर राजीनाम्याचं पाकीट ठेवलं. कार्यक्रमाच्या गडबडीत त्यानं ते उघडलंच नाही. मंडपात ठाण्या-मुंबईचे दहाबारा पत्रकार होते, व्यासपीठावर कंपनीचे संचालक. शेवटच्या रांगेत बाबा, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि शेजारी तो शेतकरी. साहेबानं पुस्तिका उंच धरली आणि सहावं पान वाचून दाखवलं. प्रश्न विचारा म्हणाला.

प्रश्न मी विचारणार होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पण माझ्याआधी बाबा उभे राहिले.

"हा अहवाल ज्या नमुन्याचा आहे, तो नमुना कुठून घेतला होता?"

आवाज लहान होता. साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. "अर्थातच नाल्यात सोडतो त्या पाण्याचा," तो हसत म्हणाला. "पाइपच्या तोंडाशी घेतलेला."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी रांगेरांगेतून कागद वाटत गेले. शेवटचा कागद व्यासपीठावर चढून साहेबाच्या हातात दिला. वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला. मी तिथून हलले नाही. मला तो पूर्ण उतरलेला बघायचा होता, आणि मी बघितला.

"पेपरवाल्याचं नाव वाचलंत ना मघाशी? मी त्यांची मुलगी," मी म्हणाले. माइक चालू होता.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मोठी बातमी आली, साहेबाच्या फोटोसकट. दोघातिघांनी चार-चार ओळी दिल्या. बाकीच्यांनी झाडं लावली एवढंच छापलं. कंपनीनं खुलासा केला की ही एका अधिकाऱ्याची वैयक्तिक चूक होती, आणि त्याला काढून टाकलं. संचालक होते तिथेच राहिले. वर्षभरानं पाइप जमिनीखालून नेला. नाल्याला वास यायचा तो येतच राहिला, फक्त कुठून येतो ते दिसेनासं झालं. शेतकऱ्यानं पुढे जमीन प्लॉटवाल्यांना विकली, पण त्याआधी दरवर्षी नव्या भाताची एक पिशवी बाबांसाठी आणून द्यायचा. आता उंबऱ्याच्या आत येऊन बसायचा. लोकांनी विचारलं तरी बाबांनी पेपर परत काढला नाही.

साहेब महिन्याभरानं आमच्या घरी आला. मी दारातच उभी राहिले.

"वरून सांगितलं तसं केलं मी," तो म्हणाला. "तुम्ही आत काम केलंय, तुम्हाला कळेल. या वयात मला कोण घेणार?"

मला कळत होतं. तरी मी बाजूला सरकले नाही.

"कोण आलंय गं?" बाबांनी आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले आणि दार लावलं.

इथे थांबले असते तर मी बरी ठरले असते. पण दोन वर्षांनी कळलं की गुजरातेतल्या एका कंपनीत त्याला तेच काम मिळालंय. मी वर्तमानपत्रातली त्याच्या फोटोची ती बातमी झेरॉक्स केली, मूळ अहवालाची प्रत जोडली आणि त्या कंपनीच्या व्यवस्थापकांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवलं. बाबांना सांगितलं नाही. पत्राला उत्तर आलं नाही. पोचपावती मात्र आली. त्या कंपनीत बाहेरचं टपाल जनसंपर्क विभाग घेत असावा, कारण पावतीवर सही त्याचीच होती. त्या सहीसाठी मी वर्षभर कागद टाइप केले होते. या वेळी, पाठवणारीचं माझं नाव वाचूनच असेल, शेवटचं अक्षर मात्र अर्धवट राहिलं होतं. मी ती पावती बराच वेळ हातात धरून बसले, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.