ब्रेकमास्तरांचा पाय

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती? गाडी शिकवायचा त्यांचा धंदा. शिकाऊ माणसाच्या हाती स्टिअरिंग द्यायचं, आपण शेजारच्या सीटवर बसायचं, आणि आपल्या पायाखाली एक वेगळा ब्रेक ठेवायचा. शिकाऊ चुकला की तो दाबायचा. एवढंच काम; पण मास्तरांनी त्याचा स्वभाव करून टाकला. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नसेल. शिकाऊ म्हणायचा, "सर, मला वाटतं इथून..." की मास्तर गरजायचे, "वाटतं काय वाटतं? समोर बघ!" आणि त्याच क्षणी पाय धाडकन ब्रेकवर. तोंड आणि पाय दोन्ही एकदम चालायचे. एक चाललं आणि दुसरं थांबलं, असं कधी झालं नाही.

धंदा बंद करून घरी बसले तरी पाय काही निवृत्त झाला नाही. टीव्हीवरच्या बातम्यांवर ओरडले की पाय जमिनीवर आपटे. मुलाला हाक मारली की आपटे. घर वरच्या मजल्यावर, जुन्या लाकडी फळ्यांचं. एका कोपऱ्यात पाय आपटला की दुसऱ्या कोपऱ्यातल्या कपबशा किणकिणत. खालचा शिंपी बिचारा काठीने छत ठोकून ठोकून थकला आणि शेवटी त्याने नाद सोडला. बायको असती तर तिने हा पाय ताळ्यावर आणला असता, पण ती चार वर्षांपूर्वीच गेली होती, आणि मुलाला बापापुढे ब्र काढायची सवय नव्हती.

राहता राहिली सून. ती चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जायची, आणि तेवढा वेळ दीड वर्षाची नात मास्तरांकडे असायची. नातीचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरात तिला सगळे बिट्टी म्हणत. मास्तर तिला दिवसभर शिकवत असत. खिडकीत उभं करून खालच्या गाड्या दाखवायच्या, कोण चुकीचा वळला, कुणी दिवा दिला नाही, कुणाचं लायसन काढून घेतलं पाहिजे, सगळं साग्रसंगीत. बिट्टी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. असा विद्यार्थी मास्तरांना जन्मात मिळाला नव्हता. एक अक्षर उलटून बोलत नव्हती.

नेमकं तेच सुनेच्या जिवाला लागलं होतं.

"बाबा, मागून हाक मारली तर ती बघत नाही हो," ती एकदा म्हणाली.

"माझ्या हाकेला बघते."

"मी मारली तर नाही बघत."

"तुझा आवाज म्हणजे डास गुणगुणल्यासारखा. हाक कशी पोटातून यायला हवी. हे बघ." मास्तर दारात जाऊन उभे राहिले. बिट्टी पाठमोरी बसून डब्याचं झाकण चाटत होती. "बिट्टे!" मास्तर गरजले. कपबशा किणकिणल्या. बिट्टी गर्रकन वळली आणि आजोबांना बघून खुदकन हसली.

"झालं समाधान?"

समाधान कसलं होतंय. पण डोळ्यांदेखत पोरगी वळली होती, त्याला ती काय बोलणार? तिने पोरीच्या मागे टाळ्या वाजवल्या, पातेली वाजवली, एकदा तर चिडून प्रेशर कुकरची शिट्टी होईपर्यंत तिला ओट्याजवळ घेऊन बसली. बिट्टी ढिम्म. मास्तर म्हणाले, "पोर नादात असते गं, उगाच डोकं खाऊ नकोस तिचं." नवऱ्याला सांगितलं तर तो पाळीवरून आलेला, अर्धा झोपेत, म्हणाला, "बाबा वळते म्हणतात ना? मग वळत असेल." असे महिनेच्या महिने गेले. सुनेने हात टेकले. हाकेला न वळणारी पोर आणि वळते म्हणणारा सासरा, या दोघांच्या मध्ये माणसाला वेड लागायची पाळी येते.

आणि दवाखान्यात सांगावं, तर तिथेही हेच. मुलांना इंजेक्शन द्यायला नेलं की तिथली सिस्टर वजन-उंची घेते आणि चार प्रश्न विचारते. मूल वयाच्या मानाने वाढतंय ना, चालण्या-बोलण्यात मागे नाही ना, एवढंच बघायचं असतं. मागच्या खेपेला सिस्टरने सुनेला विचारलं, "आवाज झाला की वळते का?" सून तोंड उघडते न उघडते तोच मास्तर म्हणाले, "वळते म्हणजे? गर्रकन वळते."

"आई, बाबा, मामा असं काही बोलते का?" सिस्टरने पुढे विचारलं.

"बोलेल. हिचा नवराही उशिराच बोलला."

सिस्टरच्या दारात रांग लागलेली. तिने मान डोलावली आणि पुढच्या पोराला हाक मारली. जन्मल्यावर कानाला यंत्र लावून तपासणी व्हायची, तीही राहूनच गेली होती. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, नंतर या म्हणाले, आणि मास्तर म्हणाले, कशाला.

दीड वर्षाची तपासणी आली तेव्हा मात्र मास्तरांनी कंबर कसली. आपल्या हाताखालचा एकही शिकाऊ परीक्षेत नापास झाला नाही, असं ते सांगत. खरंखोटं त्या शिकाऊंनाच ठाऊक. बागेत येणाऱ्या इतर आजोबांकडून त्यांनी दवाखान्यात काय काय विचारतात ते काढून घेतलं आणि बिट्टीचा सराव सुरू केला. ठोकळ्यावर ठोकळा. कपात मणी टाकायचा. चेंडू दे म्हटलं की चेंडू द्यायचा. मास्तर चेंडूकडे बघत आणि हात पुढे करत, की बिट्टी चेंडू देई. "बघ," ते सुनेला म्हणाले, "आणि म्हणे ऐकू येत नाही."

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बाकावर बसल्या बसल्या सून म्हणाली, "बाबा, आज उत्तरं मला देऊ द्या."

"दे की. मी काय तुझं तोंड शिवलंय?"

सुनेने बिट्टीचा मोजा उगाच काढून पुन्हा घातला.

वाट बघता बघता मास्तर वैतागले. एक पोर रडायला लागलं की बाकीची सूर धरत होती. एका बाईचा फोन वाजत होता आणि ती तो घेतही नव्हती, बंदही करत नव्हती. नंबर पुकारणारा माणूस इतका हळू पुकारी की मास्तरांनी दोनदा उठून त्याला सांगितलं, अरे, जरा पोटातून. शेवटी नंबर आला.

या वेळची सिस्टर वेगळी होती. चाळिशीची, घसा बसलेली. सकाळपासून पोरांनी आणि पोरांच्या नातेवाइकांनी तिला पिळून काढलेलं दिसत होतं. खोलीत मुलांना बसवायला भिंतीलगत फळ्यांचा बुटका ओटा होता, वर सतरंजी. बिट्टीला त्यावर बसवलं. सून शेजारी. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बुटांसकट दोन्ही पाय ओट्याच्या कडेवर टेकवून ते परीक्षकासारखे बसले.

"चालते का एकटी?" सिस्टरने विचारलं.

"पळते," मास्तर म्हणाले.

"आईला विचारतेय."

"पळते," आई म्हणाली.

ठोकळे दिले, बिट्टीने झरझर मनोरा रचला. मणी कपात. सगळं पहिल्या फटक्यात. मास्तरांची छाती फुगली. मग सिस्टरने चेंडू, कप आणि बाहुली मांडली आणि म्हणाली, "कप दे बघू." म्हणताना तिने मुद्दाम खिडकीकडे बघितलं. बिट्टीनेही खिडकीकडे बघितलं.

"तुम्ही कपाकडे बघून सांगा ना," मास्तर म्हणाले. "तिकडे बघितल्यावर तिला कसं कळणार?"

"आजोबा, कानाने."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टर मागे गेली आणि बिट्टीला नावाने हाक मारली. बिट्टी चौथा ठोकळा ठेवत होती. पुन्हा हाक. काही नाही. सुनेने मास्तरांकडे बघितलंच नाही. ती सतरंजीच्या दोऱ्याशी खेळत राहिली.

"तुमचा घसा बसलाय," मास्तर म्हणाले. "थांबा, मी मारतो. बिट्टे!"

बिट्टी वळली आणि हसली. मास्तरांनी सिस्टरकडे असं बघितलं, की आता लिहा काय लिहायचं ते.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. मागे जाऊन छोटी घंटा वाजवली. बिट्टी ठोकळ्यातच. "आता पुन्हा तुम्ही मारा हाक," ती म्हणाली. मास्तरांनी मारली, बिट्टी वळली. पण या वेळी सिस्टर पोरीकडे बघत नव्हती. ती मास्तरांच्या बुटाकडे बघत होती.

"आजोबा, पाय वर घ्या."

"काय?"

"दोन्ही पाय. खुर्चीवर मांडी घालून बसा."

"पायाचा काय संबंध इथे?"

"संबंध नसेल तर वर घ्यायला काय हरकत आहे?"

मास्तरांचे गुडघे दुखरे. कुरकुरत, खुर्चीच्या हातांना धरत त्यांनी कशीबशी मांडी घातली. अशा अवस्थेत त्यांना आजवर कुणी बसवलं नव्हतं. "बिट्टे!" ते म्हणाले. बिट्टीने ठोकळा उचलला, उलटासुलटा करून बघितला. "बिट्टे!" मास्तर पोटातून ओरडले. बाहेर एक पोर दचकून रडायला लागलं, नंबर पुकारणाऱ्याने दार उघडून आत डोकावलं. बिट्टीने ठोकळा मनोऱ्यावर ठेवला. मास्तरांनी तिसऱ्यांदा हाक मारली, तिने पुढचा ठोकळा घेतला.

"आता बोलू नका," सिस्टर म्हणाली. "नुसता पाय आपटा."

मास्तरांना तो आपटायचा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पाय जागचा हलेना. सिस्टर वाट बघत उभी राहिली, सूनही आता त्यांच्याकडे बघायला लागली. शेवटी मास्तरांनी मांडी मोडली, तोंड घट्ट मिटलं आणि बूट फळीवर आपटला.

बिट्टी गर्रकन वळली. आजोबांना बघून हसली, रोजच्यासारखीच, आणि उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले.

मास्तरांनी तिला उचललं नाही. त्यांना सुचलंच नाही. राग तर आला होता, पण कुणावर काढावा हे कळेना. सिस्टरवर काढावा तर तिने काही वाईट केलं नव्हतं. खिडकीत उभं राहून दिवसच्या दिवस आपण जे बोललो त्यातलं एक अक्षर पोरीपर्यंत पोचलं नव्हतं, आणि आपण तिला जगातली सगळ्यात गुणी विद्यार्थिनी समजत होतो. तिला तर आपलं नाव बिट्टी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. फळी हलली की आजोबा, एवढंच तिला माहीत होतं. मास्तरांना रडू आलं आणि ते आल्याचाही त्यांना संताप आला.

सिस्टरने शेजारच्या खोलीतून डॉक्टरांना बोलावलं. ते आले, बिट्टीच्या कानात दिवा धरून बघितलं. "यावरून पक्कं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "कानात पाणी साठलेलं असेल, आतल्या नसेचा दोष असेल. मोठ्या दवाखान्यात यंत्रावर तपासणी करावी लागेल. पुष्कळ काही करता येतं, पण आता लांबवू नका. ऐकू येत नसेल तर बोलणं शिकायचे महिने हेच असतात." ते आजच तिकडे फोन करतो म्हणाले आणि गेले.

सुनेने बिट्टीला मांडीवर घेतलं. ती रडली नाही. मास्तरांना वाटलं, ही आता आपल्याला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"बाकीचे प्रश्न संपवू या," सिस्टरने पेन उचललं. "शब्द किती बोलते?"

विचारताना ती मास्तरांकडे बघत होती. अर्ध्या तासात तिलाही सवय झाली होती. मास्तरांचं तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं.

"मला काय विचारता?" ते खेकसले. "तिच्या आईला विचारा."

सिस्टर सुनेकडे वळली. सुनेने श्वास घेतला, आणि थांबली. ती मास्तरांकडे बघत होती. मास्तरांना वाटलं, ही रागाने बघतेय. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ती आपण मध्ये तोंड घालायची वाट बघतेय. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हीच वाट बघत असली पाहिजे, प्रत्येक वाक्याला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोल," ते म्हणाले. "मी मध्ये बोलत नाही."

मग ती सिस्टरकडे वळून म्हणाली, "शब्द एकही नाही. सात-आठ महिन्यांची असताना आवाज काढायची, खूप काढायची. मग हळूहळू ते कमी झालं आणि बंदच पडलं. मी घरात तेव्हाच सांगितलं होतं."

सिस्टर लिहीत होती. लिहिता लिहिता तिने मान वर न करता विचारलं, "कधी म्हणालात?"

"ती वर्षाची व्हायच्या आधी," मास्तर म्हणाले. "माझ्यादेखत सांगितलं होतं हिने. दोनतीनदा सांगितलं होतं."