वरच्या पटाला गेलेली जोडी

आमच्या गावची बैलजोडी जळगावच्या मोठ्या पटात घेतली, ही बातमी आली तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. सगळं गाव हरखलं, हलगी वाजायला लागली, कुणी गुलाल आणायला धावलं. मला मात्र भयंकर राग आला. राग माझ्या नाकावरच असतो म्हणा, माहेरीही त्यावरून बोलणी खायची. पण या रागाला कारण होतं.

आधी पट म्हणजे काय ते सांगते. कापूस वेचून घरात आला, वावरं मोकळी झाली, की आमच्या खानदेशात गावोगाव बैलांच्या शर्यती व्हायच्या. त्यांना पट म्हणायचे. सपाट वावरात लांबलचक पल्ला आखायचा, हलक्या छकडीला जोडी जुंपायची, आणि दोन-दोन जोड्या एकदम सोडायच्या. धरणगावपासून पारोळ्यापर्यंतच्या लहान पटांमध्ये आमच्या जोडीनं कुणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं. जोडी दिसायला विजोड, उजवीकडे आमचा ढवळा आणि डावीकडे शेजारच्या नानांचा तांबडा. छकडी हाकायचे माझे धाकटे दीर. मिशीला पीळ देऊन हिंडायचे ते, जसं काही स्वतःच पळतात. आणि त्या बैलांना वैरण, पाणी, भिजवलेली सरकी, हे सगळं करायचं कुणी? ढवळ्याचं मी, आणि तांबड्याचं नानांच्या घरच्या अक्कानं. अक्का माझ्याहून बरीच मोठी, तोंडानं फटकळ, आणि माझी एकुलती एक मैत्रीण.

आमच्या घरात सासूबाई नव्हत्या, मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासरे होते, त्यांना आबा म्हणायचे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. पण घरात दुसरी बाईच नाही म्हटल्यावर संसार कसा चालायचा? हे दिवसभर वावरात, धाकटे दीर पारावर. मग आम्ही ढवळ्याला मध्ये घातलं.

"ढवळ्या, मीठ सरनं रे," मी गोठ्यातून म्हणायची.

आबा ओट्यावरून म्हणायचे, "ढवळ्या, बजारना दिन लई येसू."

आणि बाजाराच्या दिवशी मीठ यायचं. भांडणंसुद्धा आमची अशीच व्हायची. बिचारा बैल रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायचा. घरात सगळ्यांत जास्त सहन कुणी केलं असेल, तर त्या मुक्या जनावरानं.

तर बातमी आली, गुलाल उधळून झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून पारावर कुरबुर सुरू झाली. आदल्या दिवशी नाचणारीच माणसं आता तोंडं पाडून बसलेली. एक म्हणे, वऱ्हाडातल्या जोड्या तूप पितात, त्यांच्यापुढं आपली सरकीवरची जोडी काय टिकणार? दुसरा म्हणे, तिथं आरी टोचून पळवतात, आपल्या बैलांच्या अंगाला कुणी कधी काडी लावली नाही. आणि एकदा तिकडं नाव झालं की कुणी गबर शेठ येईल, जोडी उचलून नेईल, मग आपल्या गावच्या पटाला कोण कुत्रं फिरकणार? यातलं काही पुढं खरं झालं. शेठ आले होते खरोखर, आबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. बाकीचं सगळं नुसतं भ्यायचं काम होतं. आबा पारावर एवढंच म्हणाले, पडली तर पडली, पण वर जाऊन पडेल.

माझी काळजी यातली एकही नव्हती. लहान पटांना आम्ही बायका जायचो. जत्रेला निघावं तशा गाड्या जुंपून, भाकरी बांधून, लेकरं घेऊन जायचो. पल्ल्याच्या दोन्ही बाजू पुरुषांच्या आणि शेवटाचं टोक आमचं. टोकच का, तर सगळी धूळ तिथं तोंडावर येते म्हणून. चांगली जागा आपल्याला कोण देतंय! तरी आम्ही धूळ खात, डोळे चोळत उभ्या राहायचो. पळून आलेल्या बैलांपुढं मी आणि अक्का सरकीचं घमेलं धरायचो. वर्षभराच्या कष्टांत तेवढा एक दिवस माझा होता. आणि मोठ्या पटाला म्हणे बायका जात नाहीत. म्हणजे जोडी वर चढली आणि मी खाली राहिले!

त्या दिवशी दुपारी सगळं गाव जाणार आणि मी घरी, हे मी ढवळ्याच्या गळ्याला हात घालून चांगली मोठ्यानं बोलले. "बठ्ठा गाव जाई, आन जिन्हा हातना घास खाधा ती घर ऱ्हाई. काय न्याय शे हाऊ, ढवळ्या?"

ओट्यावरून आबांचा आवाज आला, "ढवळ्या, बाईमानसं मोठा पटले जातस का कधी?"

"ढवळ्या, सरकी तरी पुरुषमानसं भिजाडतस का कधी?"

यावर आबा उठून वावरात निघून गेले. मी जिंकले असं मला वाटलं, पण जायच्या दिवशी गाडीत आबा बसले, नाना बसले, आमचे हे बसले, दीर बसले, निम्मा गाव मागून निघाला, आणि मी दारात उभी. ढवळ्यानं वेशीपर्यंत दोनदा मागं वळून पाहिलं. मी घरात येऊन ढसाढसा रडले. दुःखानं नाही, संतापानं. मग संध्याकाळी सवयीनं सरकी भिजत घातली, आणि घातल्यावर लक्षात आलं, की खाणारा जळगावला आहे. तेव्हा मात्र दुःखानं रडले.

दोन दिवसांनी दिवेलागणीला आबा एकटेच परत आले. बैलाला काही झालं का? ह्यांना? दिराला? दाराआडून बघते तर आबा तडक गोठ्यात गेले, आणि ढवळ्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी उकिडवे बसले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. सवयीनं मान वर केली, आणि समोर बैलच नाही!

त्यांनी खुंट्याकडं पाहिलं. छपराकडं पाहिलं. खाकरले. परत खुंट्याकडं पाहिलं. मला एकीकडे जीव टांगणीला लागलेला आणि एकीकडे हसू येत होतं. शेवटी ते जमिनीकडं बघत म्हणाले, "पोरी, जोडी उभी ऱ्हाई गई."

लग्न होऊन आल्यापासून मला उद्देशून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी पदर पुढं ओढला आणि चौकटीत आले.

झालं होतं असं. पहिल्या धावेला जोडी सुटली ती वाऱ्यासारखी. अर्ध्या पल्ल्यापर्यंत वऱ्हाडची जोडी मागं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, दोन्ही बैलांनी माना वर केल्या, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि चालायला लागले. शेवटी तर उभेच राहिले. लोक पोट धरून हसले. नव्या जोडीला दोन धावा देतात, दोन्हीत पडली, म्हणजे पल्ला पुरा न करता उभी राहिली, की परत खालच्या गटात. दुसरी धाव परवा होती. नाना म्हणत होते, दृष्ट लागली. दीर म्हणत होते, आता आरी टोचतो. आणि सगळ्या पुरुषांनी मिळून काय शोध लावला होता, तर बैलांना जळगावचं पाणी बाधलं! म्हणून आबा आगगाडीनं धरणगावला येऊन, तिथून पायी घरी आले होते. कशाला? तर आपल्या विहिरीचं डबाभर पाणी न्यायला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, बैल अर्धा पल्ला पळाले ते कुणाचं पाणी पिऊन? रीत गेली चुलीत, मी सरळ विचारलं, "आबा, तठे टोकले कोन व्हतं?"

"टोकले? लोकं व्हतात."

"आम्ही नव्हतूत."

आबांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षं ते बैल कशाकडं धावत होते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं. पुरुषांना वाटत होतं, त्यांच्या आरोळ्यांनी जोडी पळते. दिरांना वाटत होतं, त्यांच्या हाकण्यानं. आणि ती मुकी जनावरं बिचारी दरवेळी टोकाला उभ्या असलेल्या आपल्या दोन बायकांकडं धावत होती. त्या दिवशी त्या दिसल्याच नाहीत, मग धावायचं कुणाकडं?

आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "अक्काले सांग. तुम्हले दोन्हीसले येनं पडी."

मी तशीच नानांच्या घरी पळाले. अक्का चुलीपाशी होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पयले हाई सांग, लुगडं कोनतं नेसू?"

दुसऱ्या दिवशी धरणगावहून आम्ही आगगाडीत बसलो. मी जन्मात पहिल्यांदा. मांडीवर घमेल्यात भिजवलेल्या सरकीचा डबा, बाजूला आबांचा पाण्याचा डबा. पाणी त्यांनी आणलंच होतं, मी काही बोलले नाही. अक्का गाडीभर बोलत होती, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक झाडाशी बोलत होती. जळगाव येईपर्यंत तिचा घसा बसला.

आणि पटाचं मैदान! माणसंच माणसं. फेटे, टोप्या, मिशा, हातात चाबूक, शिंगांना गोंडे बांधलेले डोंगराएवढे बैल. एवढ्या पुरुषांत आम्ही दोघीच बायका. मी अक्काचा पदर धरूनच चालत होते, खोटं कशाला सांगू. ढवळ्यानं आम्हाला लांबून पाहिलं आणि असा हंबरला, की हे आणि दीर दोघंही दचकले.

धावेच्या दिवशी सकाळी आम्ही टोकाला जाऊन उभ्या राहिलो, तर एक पंच आले. शहरातले, कोट घातलेले. आबांना म्हणाले, "अहो आबा, इथं बायका उभ्या राहत नाहीत."

"आमना गावन्या ऱ्हातस," आबा म्हणाले.

"तसा नियम नाही."

"नही म्हणाना बी नियम नही. दखी ल्या." नको म्हणणाराही नियम नाही, बघून घ्या. पंच आले तसे निघून गेले. आबाही दुसऱ्या टोकाला, जिथून जोड्या सुटायच्या, तिकडं गेले.

झेंडी पडली. धुळीचा लोट उठला. लोकांच्या आरोळ्यांत काही ऐकू येत नव्हतं, पण माणसांच्या फटींतून मला सगळं दिसत होतं. आमची जोडी पुढं, मग बरोबरीला, आणि मग अर्ध्या पल्ल्यावर ढवळ्याची मान वर झाली. तो शोधत होता. आमच्या पुढं उंच माणसांची भिंत उभी राहिलेली, आम्ही त्याला दिसणार कशा? अक्कानं हाक मारायला तोंड उघडलं, तर घशातून नुसता वारा आला. गाडीत झाडांशी बोलत बसली होती ना!

सून मोठ्यानं बोलत नाही. चार लोकांत तर मुळीच नाही. मी घमेलं डोक्याच्या वर धरलं, समोरच्या माणसाला कोपरानं बाजूला सारलं, आणि पोटातून जेवढा आवाज निघाला तेवढा काढला. "ए ढवळ्या! ये रे मन्हा राजा! आठे शे मी, आठे!"

त्याचे कान फिरले. बस्स, एवढंच मला दिसलं. पुढचं दिसायला डोळ्यांत पाणी होतं आणि धूळ होती. दोन्ही बैल खाली मान घालून आले, जमीन हादरत होती, माणसं वाट सोडून पळत होती. वऱ्हाडची जोडी आमच्याहून एक मान पुढं गेली. गेली तर गेली! आमची पडली मात्र नाही. रेघ ओलांडून ढवळा सरळ माझ्यापाशी आला आणि त्यानं घमेल्यात तोंड खुपसलं, छकडीसकट, दिरासकट. पंचांनी जोडी वरच्या गटात कायम केली, असं पुकारलं. मी हसत होते का रडत होते, मलाच कळत नव्हतं. अक्का तांबड्याच्या गळ्यात पडून घोगऱ्या आवाजात दिराला शिव्या घालत होती, हळू का हाकलंस म्हणून.

गर्दीतून वाट काढत आबा आले. धोतराचा सोगा सुटलेला, तोंड धुळीनं पांढरं. ढवळा आमच्या दोघांच्या मधोमध उभा होता. मला वाटलं, आता आबा त्याच्याशी बोलतील.

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या पाठीवरून माझ्याकडं पाहिलं. "पोरी, एक मान कमी पडनी."

मी पदरानं तोंड पुसलं. हीच वेळ होती, परत असा मोका कधी येणार? "आबा, आम्ही दोनच व्हतूत. पुढला साल बठ्ठ्या बाया येतीन."

आबांनी मागं वळून त्या हजारो पुरुषांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग गाड्या आतेपासूनच सांगी ठेवना पडतीन."