डिझेलचा मेंदू

"थांबा की जरा. हीटर लागला न्हाय अजून त्याचा." नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आमचे शेजारचे काका हे ऐकवायचे आणि दोन्ही तळहात हवेत असे दाबायचे, जसं काही तिचं बॉनेट बंद करताहेत.

राजारामपुरीत घराला लागूनच त्यांचं जुन्या जीपा दुरुस्त करायचं गॅरेज होतं. त्यामुळे माणसांचीही त्यांनी दोनच इंजिनांत वाटणी केली होती. बाईचा मेंदू पेट्रोलचा, किल्ली फिरवली की चालू. बाप्याचा डिझेलचा, गार पडलेला, आधी हीटर देऊन तापवायचा, मग वाट बघायची. मेंदूचे डॉक्टर याला काय म्हणतात ठाऊक नाही. आम्हा नवरेमंडळींची मात्र मोठी सोय झाली होती.

माझंच बघा. लेक शिकायला पुण्याला गेली, तेव्हा बायको स्टँडवर पोटभर रडली आणि येताना भेळ खाऊन मोकळी झाली. मी कोरडा. भेळेत कांदा कमी आहे, एवढंच बोललो. त्यावरून घरी काय झालं ते सांगत नाही. पुढच्या आठवड्यात दूधवाल्याला "आता अर्धा लिटर कमी घाल" म्हणताना माझा आवाजच फुटेना. दूधवाला घाबरला. काका गॅरेजातूनच म्हणाले, "भिऊ नगंस, सुरू झालंय त्याचं."

काकूंना हे शास्त्र मान्य नव्हतं. "माझा जलम गेला की हीटर लागायची वाट बघत," म्हणायच्या.

मग त्यांच्या बेंगळुरूच्या लेकीला बाळ झालं. तिनं दोघांनाही कायमचं बोलावलं. काका म्हणाले, गॅरेज कोण बघणार, तू जा. काकूंना एवढंच हवं होतं, की 'जाऊ नको' किंवा 'मी येतो' यातलं काहीतरी एक काकांनी म्हणावं. स्टँडवर सोडायला मीही गेलो होतो. बसच्या खिडकीतून काकूंनी विचारलंसुद्धा, "काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

"पाण्याची बाटली घेतलीस न्हवं?" काका म्हणाले.

बस गेली. काकांनी स्कूटरला किक मारली, दोन्ही पाय टेकवून गाडी तोलून धरली आणि मान अर्धी वळवून विचारलं, "बसलीस?"

मी उगाच दुसरीकडे बघितलं. परत वळून बघतो तर काका घराकडे नाही, हायवेकडे निघालेले.

तासाभरानं फोन. "भावा, स्कूटर कागलच्या स्टँडवर लावलीया. बस हितं थांबती, म्हणून गावली. किल्ली चहावाल्याकडं हाय. आण की तेवढी."

"आणि तुम्ही?"

"मी हिच्याशेजारी..." पुढं नुसताच इंजिनाचा आवाज. मग काकूंनी फोन घेतला.

"ठेव बाबा आता. कंडक्टर तिकीट मागतोय, आन् ह्यास्नी रडू आवरंना."