कडी उचलून धरा

गंजलेल्या कुलपाला तेल घातलं की त्या वासासरशी शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावची जुनी ग्रामपंचायत डोळ्यांपुढं येते. त्या वर्षी रांजणगावातली माझी कंपनी बंद पडली होती, दिल्लीत सरकारं टिकत नव्हती, देश काही चालत नाही असं पोरं पारावर बोलत होती, आणि राखीव जागेवर बौद्धवाड्यातली माझी आई सरपंच झाली होती. जुने सरपंच आप्पा, गावचे मोठे बागायतदार, चावी सोडणार नाहीत असं सगळेच म्हणत होते. म्हणून मी कुलूप फोडायला हातोडा घेऊनच आईबरोबर गेलो. आप्पा पायरीवर उभे होते. त्यांनी चावी आईच्या हातात दिली, पण ती कुलपात फिरेना. मी हातोडा उचलला. तेवढ्यात, आजवर तिला ‘अगं ए’ म्हणणारे आप्पा खालमानेनं म्हणाले, “कडी जरा वर उचलून धरा, सरपंचबाई. मंग फिरतंय.” दार उघडलं. पाच वर्षांनी आमचं पॅनल पडलं, तेव्हा आईनंही नव्या सरपंचाला चावीबरोबर कडीचं सांगितलं. परवा टीव्हीवर कुठल्याशा नव्या देशातला हरलेला अध्यक्ष खुर्ची सोडेना आणि रस्त्यावर रणगाडे उतरलेले दिसत होते. ते बघून आई म्हणाली, “तिथं कडी उचला म्हणून सांगणारं कुणीच न्हाई व्हय रं?”